रव्या ओरडला तरी

सोमवार, ३ मार्च

निपाणीच्या स्टँडवर उतरलो तर माझा कॉलेजमित्र अभिनंदन हार घेऊन उभा. खरा हार, झेंडूचा. बावन्न वर्षांच्या आयुष्यात माझ्या गळ्यात हार पडायचा हा दुसरा प्रसंग. पहिला लग्नातला, आणि तो घालणारी राजश्री अजून त्याबद्दल बोलते.

अठरा वर्षं बेळगावच्या एका दैनिकात दर रविवारी लोकांना चिमटे काढले. डिसेंबरात संपादकांनी सदर बंद केलं. लोकांना आता चिमटे फोनवर फुकट मिळतात, असं त्यांचं म्हणणं. दोन महिने घरात बसून मी राजश्रीच्या फोडणीवर टीका केली. मग अभिनंदनचा फोन आला. सिनेमा काढतोय, हसता हसता घाबरवणारा, विषारी कोळ्यांचा. नाव ‘आठ पायांचा जावई’. तंबाखूच्या एका व्यापाऱ्याच्या घरी वरातीबरोबर कोळी येतात आणि वऱ्हाडी एकेक करून संपतात. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण लग्नात पंगत उठेपर्यंत कोण कुणाला विचारतो? संवाद मी लिहायचे. म्हणाला, ‘‘रव्या, तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार?’’ एवढं वाक्य पुरलं. आम्ही सदरलेखक फार स्वस्तात जातो.

राजश्रीने निघताना ९४ सालची आठवण करून दिली. माझी एकांकिका, त्याचं दिग्दर्शन, पहिला नंबर, आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘लेखक-दिग्दर्शक: अभिनंदन’. छापखान्याची चूक, असं तो तेव्हा म्हणाला होता. राजश्रीच्या मते छापखाने इतके नेमके चुकत नाहीत. यंदा नाव माझ्या एकट्याचं लागेल, हे मी तिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

शूटिंग त्याच्या आजोबांच्या वखारीत आहे. गावाच्या टोकाला, पंधरा वर्षं बंद. दगडी भिंती, वर कौलं, आणि आत पाऊल टाकताच नाकाला बसणारा तंबाखूचा ठसका. मी अकरा शिंका दिल्या, अभिनंदनने मोजल्या. जमिनीवर, खाचांत, तुळयांवर, सगळीकडे तपकिरी भुकटी. गंमत म्हणजे एवढ्या जुन्या इमारतीत एक जळमट नाही. मुंगी नाही, झुरळ नाही, पाल नाही. कोळ्यांच्या सिनेमासाठी माणसाने गावातली एकमेव बिनकोळ्यांची जागा शोधली आहे.

मला दिवाणजींची जुनी खोली दिलीय. गजांची खिडकी, तिच्याखाली टेबल, एक खाट, आणि जमिनीच्या मधोमध कडी असलेली गोल फरशी. खाली धान्याचं जुनं पेव आहे म्हणे, रिकामं. टेबलाच्या वर अभिनंदनने मला भेट म्हणून एक रबरी कोळी टांगलाय, परातीएवढा. ‘जावईबापू’ असं मी त्याचं नाव ठेवलं. आठ डोळे आहेत. सात काळ्या मण्यांचे. आठवा जरा जास्तच जिवंत दिसतो. कलाविभागाच्या आदर्शचं कसब.

सेटवर फोन चालत नाही. दारात टोपली ठेवलीय, त्यात मीही माझा ठेवला. बरं वाटलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीच मला शिव्या देऊ शकत नाही.


मंगळवार, ४ मार्च

इथला रिवाज असा: जेवण सूर्यास्ताच्या आत. अभिनंदनच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच, मग युनिटलाही तेच. त्यामुळे रोजनिशी दुपारी लिहितो. संध्याकाळी पोट भरलेलं असतं आणि डोकं रिकामं.

सिनेमा मराठी आणि कन्नड दोन्हीत निघतोय. प्रत्येक दृश्य दोनदा. मराठी जावई मेला की पाच मिनिटांनी तोच उठून कन्नडमध्ये मरतो. आदर्शने विचारलं, कोळ्यांना कुठली भाषा द्यायची. मी म्हटलं, कोळ्यांना मध्ये घेऊ नका. या भागात भाषेच्या भानगडीत न पडलेला तेवढा एकच जीव उरलाय.

आदर्श चार माणसं लावून कापसाची आणि गोंदाची जळमटं करतो आहे. खोटी दिसतात. अभिनंदनला ती बघून जेवण गेलं नाही.

वखारीची राखण रायाप्पाकडे आहे. सत्तरीचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. स्वयंपाकाला राजाबाई, तरुणपणी ती याच वखारीत तंबाखू निवडायला होती. दोघेही मला खोलीत बसलेला बघून थबकतात. रायाप्पा जाता-येता दारावर काठी आपटतो आणि म्हणतो, ‘‘सुम्न कुंद्रब्याड्री.’’ म्हणजे, नुसतं बसू नका. मी समजावलं की लेखकाचा धंदाच तो. त्याला पटलं नाही. माझ्या सासऱ्यांनाही पटलं नव्हतं.

दुपारी अभिनंदनने कॉलेजची आठवण काढली. तेव्हा मी शेवटचा अंक लिहायचं टाळायचो, म्हणून तो मला होस्टेलच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचा. चहा खिडकीतून. अंक झाला की कडी निघायची. आमचं सगळं चांगलं लिखाण त्या कडीने झालंय. मी म्हटलं, इथेही शेवटाला लाव. तो खूप हसला.


बुधवार, ५ मार्च

नायिका शिंकते. संवाद माझा, शिंक तिची, हशा तिला. शेवटी ध्वनिमुद्रणवाल्याने हात टेकले.

अभिनंदनने पाण्याचे दोन टँकर मागवले आणि अख्खी वखार धुऊन काढली. तपकिरी पाण्याचा लोंढा. बाहेर उताराला शेजाऱ्याचं शेत, तो भांडायला आला, म्हणून माझ्या खोलीतली फरशी चौघांनी पहारीने उचलली आणि सगळं पाणी पेवात सोडलं. अभिनंदन स्वतः उभा राहून सांगत होता. पेव रिकामं नव्हतं. तोंडापर्यंत तंबाखूची भुकटी भरलेली होती. पाणी पडलं तशी ती बसत गेली आणि खाली काळोख दिसायला लागला.

राजाबाई भाकरी सोडून दारात आली, फरशीकडे बघितलं, डोक्याला हात लावला. मी विचारलं काय झालं. ती वळून चुलीकडे गेली. रायाप्पाकडे बघितलं तर तो अभिनंदनकडे बघत होता, आणि अभिनंदन पाण्याकडे.

वखार आता लख्ख आहे. ठसका गेला. मोकळा श्वास आला आणि लगेच वाटलं, कशाची तरी सवय झाली होती.


शुक्रवार, ७ मार्च

आज पहिलं जळमट. माझ्या छत्रीवर.

छत्री कोपऱ्यात उभी होती तीन दिवस. दांड्यापासून भिंतीपर्यंत इतकं बारीक, इतकं दाट विणलेलं की मी आदर्शला बोलावून त्याची पाठ थोपटली. त्याने बोट लावलं. त्याच्या माणसांपैकी कुणाचं हे काम, म्हणून चौकशी केली. एकही पुढे येईना. चांगल्या कामाचं श्रेय कुणी घेत नाही, असं मराठी चित्रसृष्टीत प्रथमच घडत असावं.

मग त्यातून एक उतरला. चिंचोक्याएवढा. वाळल्या तंबाखूच्या पानाचा रंग. एका धाग्यावर खाली आला आणि जमिनीपासून वीतभर वर थांबला, लोंबकळत.

आदर्श ओरडला. अभिनंदन धावत आला, खाली वाकला, आणि किती तरी वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मुंबईच्या पैसेवाल्यांनी गेल्या महिन्यात रबरी कोळ्यांची चाचणीची दृश्यं बघितली म्हणे, आणि घाबरायच्या जागी हसले. त्यात हा खरा. दिग्दर्शकाला आनंद होणारच.


शनिवार, ८ मार्च

सकाळी तीन तास सलग लिहिलं. विहिणीचा प्रवेश, फर्मास जमलाय. उठायला गेलो तर उठता येईना. खुर्चीच्या पायापासून माझ्या पायजम्याच्या घोट्यापर्यंत धागे. टेबलाच्या कडेपासून कोपरापर्यंत धागे. मी बसलो होतो आणि त्यांनी मला सामानात धरलं होतं.

ओढून सुटलो. हातावर कोष्ट्याच्या मागावरून उठल्यासारखी पुटं.

राजाबाईला सांगितलं. तिने तवा उतरवला, मला अंगणात उन्हात नेलं आणि मगच तोंड उघडलं. ‘‘बसून ऱ्हाऊ नगासा, मालक. हितं हललं न्हाय की त्यास्नी कळतंय. आमी बाया दीस दीसभर गाणी म्हनायचो, पाय आपटायचो, ते काय हौस म्हनून व्हय?’’ जेवायला सगळ्या बाहेर झाडाखाली जायच्या. वखारीत कुणी टेकायचं नाही, डुलकी तर नाहीच. भुकटी ओलांडून कोळी येत नसत, पण भुकटी असूनही बाया टेकत नसत.

मग तिने पदरातून एक गाठोडं काढलं. घरची, तिच्या बिडीच्या कामातली भुकटी. खाटेभोवती आणि टेबलाभोवती रेघ ओढायला सांगितली. मी तिला म्हटलं, लक्ष्मणाने ओढली होती तिचा फारसा उपयोग झाला नव्हता. ती म्हणाली, ‘‘ती सीतामाई भाईर पडली म्हनून. तुमी पडू नगा.’’

रेघ ओढली.


सोमवार, १० मार्च

रेघ चालते. काल दुपारी झोपलो आणि अंगावर धागा नव्हता. रेघेच्या बाहेर मात्र माझ्या चपलांचं जे काही झालं आहे त्याला चप्पल म्हणवत नाही.

युनिटने वखारीत शूटिंग थांबवलं. वरातीची दृश्यं मागच्या मैदानात चालू आहेत, हलगीवर. आत मी एकटाच. मी म्हटलं मला लॉजवर हलव. अभिनंदन म्हणाला दोन दिवस काढ, लॉज भरलंय, आणि तुझी रेघ आहे की. मग शेजारी बसून, बसून नव्हे, येरझारा घालत, त्याने मला सगळं खोदून विचारलं. धागा अंगाला लागतो तेव्हा कसं वाटतं. पाय बधिर होतो का. त्यांचं आवाजाने काय होतं. मी किती वेळ हललो नाही तर ते येतात. इतक्या काळजीने राजश्रीने माझ्या पित्ताची चौकशी केली नाही कधी. मी भारावलो.

वखारीतलं मांजर दुपारी दाराशी उन्हाला बसलेलं दिसलं. हाक मारली. हललं नाही. जवळ गेलो. बसलेलंच होतं, डोळे उघडे, आणि शेंडीच्या नारळासारखं सगळीकडून गुंडाळलेलं.

रायाप्पाने ते फावड्यावर घेतलं. फावडं वर गेलं ते अगदी सहज. आत काही नव्हतं.


मंगळवार, ११ मार्च

जेवून आलो तर रेघ नाही. जमीन झाडलेली. गाठोडं नाही.

लक्षात यायच्या आत खाटेवर टेकलो होतो. दहा मिनिटं, फार तर पंधरा. उजव्या टाचेला काही चावल्याचं कळलंही नाही. उभा राहिलो तेव्हा टाच जमिनीला लागली की नाही ते समजेना. आता सुई टोचली तरी कळत नाही. टोचून बघितली.

आदर्शवर संशय घेतला, वाटेल ते बोललो. तो बिचारा रडकुंडीला आला. त्याने म्हणे या खोलीत शुक्रवारनंतर पाऊल टाकलेलं नाही, आणि मला ते खरं वाटलं, कारण तो उंबऱ्याबाहेरूनच बोलत होता. अभिनंदनने आमच्या मैत्रीची शपथ घेतली. एकाएकी दोन शिंका दिल्या आणि शपथ पुन्हा घेतली.

राजाबाईला विचारावं म्हटलं तर ती नाही. तिला सकाळीच घरी पाठवलं. भाकरी कडक करते, अशी तक्रार होती म्हणे. कुणाची, ते कुणी सांगेना.


बुधवार, १२ मार्च

टाच गेली, आता पोटरी. लंगडत चालतो. पण चालतो. बसून लिहायचं बंद, खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्याने.

रायाप्पाला अंगणात गाठलं. नाही नाही म्हणत त्याने सांगितलं. बासष्ट साली इथले दिवाणजी या खोलीत लिहायला बसले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा लेखणी हातात होती, आणि उचलायला एकच माणूस पुरला. पेवातून आले होते. गावाने सांगितलं, रॉकेल ओता, काडी लावा. अभिनंदनच्या आजोबांनी नकार दिला. त्यांनी जन्मात मुंगी मारली नव्हती. मारायचं नाही, कोंडायचं, असं म्हणून त्यांनी पेवात बैलगाड्या भरभरून भुकटी ओतवली, वर फरशी, आणि दर वर्षी वखारीत नवी भुकटी पसरायची असा नेम घालून दिला. भल्या माणसाने दया केली. तिचं कुलूप तेवढं तंबाखूचं होतं.

दारावर काठी का आपटतोस, विचारलं. म्हणाला, सवय. बापाने घातलेली.

मी बॅग भरली. अभिनंदनला सांगितलं, चाललो. त्याने अडवलं नाही. गाडी देतो म्हणाला. मग कपाटातून एक पिवळी पडलेली वही आणली. माझी एकांकिका, ९४ सालची, माझ्या अक्षरात. पहिल्या पानावर त्याने आज, शाईने, लिहिलं होतं: लेखक – रविराज. खाली सही. म्हणाला, ‘‘छापखान्याची चूक नव्हती, रव्या. मी केलं होतं ते.’’ डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

एकतीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं तेव्हा मी एका पायावर उभा होतो.

उद्या सकाळी फक्त शेवटचा प्रवेश. चार तास. खोली झाडून देतो, नवी भुकटी आणून रेघ ओढतो, स्वतः, असं म्हणाला. दोन वाजता गाडी दारात. पूर्वीसारखी कडी लावू का, हेही त्याने विचारलं. हसत.

मी हो म्हटलं. हसत.


गुरुवार, १३ मार्च. होळी.

सकाळी दहा. रेघ आहे, ताजी, जाडसर. खाट बाजूला सारली, खिडकीखालच्या टेबलाशी खुर्चीवर बसलो. पाय धरत नाही, उभ्याने लिहिणं जमेना. अभिनंदनने खांद्यावर थाप मारली आणि बाहेर जाऊन कडी घातली. तीच खणखण. मग आणखी एक आवाज. बारीक, क्लिक.

होस्टेलला आपण कुलूप लावत नव्हतो.

लावलं असेल. पोरं शिमग्याची सोंगं घेऊन फिरतायत, आत घुसतील म्हणून. सकाळपासून बोंबा आणि हलगी चालू आहे गावात.


पावणेअकरा. रेघेवरून एक आला.

थांबला नाही. भुकटीवरून चालत आला, जमिनीवरून चालावं तसा. दुसरा आला. मी बोटाने भुकटी उचलून नाकाशी नेली. शिंक नाही. ठसका नाही. जिभेवर ठेवली.

लाकडाचा भुसा. रंगवलेला. आदर्शच्या सामानातला.

उठायला गेलो, खुर्चीवरून पडलो. खुर्चीवरून पडलो. सरपटत परत टेबलापाशी, खुर्चीवर. उजवा पाय आता माझा नाही. डाव्याची बोटं –


अकरा वाजून काही. ओरडणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात खिडकीत चहा आला.

रायाप्पा. कप गजांतून आत सरकवला, वर धूळ पडू नये म्हणून घडी केलेला कागद. कुलूप काढ म्हटलं. किल्ली मालकाकडे, म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘कागुद वाचा, साहेब. चा थंड झाला तरी चालंल.’’ कानाला हात लावला आणि गेला. साठ वर्षांचं मीठ खाल्लंय त्याने त्या घरचं. एवढंच त्याचं बंड. एका कागदाएवढं.

कागद शूटिंगच्या आजच्या कामाचा आहे. युनिटला सकाळी वाटतात तो. चार नंबर असा:

लेखकाची खोली. खरे कोळी. कॅमेरा अकरापासून चालू (जावईबापू, डोळा). एकच टेक. दार कुणीही उघडू नये. लेखकाला घाबरण्याचा अभिनय करायला सांगितले आहे.

त्याखाली शाईने. कालचीच शाई. अक्षर ओळखायला मला चष्मा लागत नाही –

‘रव्या ओरडला तरी चालू ठेवणे. आज होळी आहे, बाहेर कुणाला कळणार नाही.’


वर बघितलं. आठवा डोळा. आत तांबडा ठिपका.

तर त्या सगळ्या चौकशा. किती वेळाने येतात. आवाजाने काय होतं. आणि त्या दोन शिंका – शपथ घेताना – गाठोडं त्याच्याच कुठल्या तरी खिशात –

आणि वही. लेखक रविराज. मला विकत घ्यायला त्याला माझंच नाव पुरलं. राजश्री बरोबर होती. तिला कुणी सांगू नका. नको, सांगा.


बारा असतील. हलतोय. राजाबाईचं खरं – हललं की थांबतात. मान हलवतो. खांदे. कमरेखाली काही ऐकत नाही. फरशीच्या फटीतून येतायत, एका ओळीत, पंगतीला यावेत तसे. घाई नाही कुणाला.

गाणं म्हणून बघितलं. एकही नीट येत नाही. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या गाण्याला नावं ठेवली.


डावा हात गेला. टेबलाला बांधलाय. दुखत नाही. हेच वाईट – काही दुखत नाही.

उजवा हलता ठेवायचा. म्हणून लिहितोय. दुसरं कारण नाही. लेखणी चालली तर हात चालतो. दिवाणजीही बहुतेक असेच –


बाहेर बोंब. पोरांची. केवढी मोकळी.

गळ्याशी आलीय माझ्या. पहिल्यांदा कळलं, किंकाळी ही वस्तू आधी पोटात असते.

पण ती त्याला पाहिजे. तेवढ्यासाठी टँकर. तेवढ्यासाठी हार, वही, डोळ्यांतलं पाणी. रबरी कोळ्यांना हसले ते लोक खुर्चीतून उठले पाहिजेत. माझ्या आवाजाने. आणि नाव लागेल. लागेलच. पहिल्याच पाटीला – स्मरणार्थ –

नाही.

बघ, अभिनंदन. नीट बघ. एक मध्यमवयीन माणूस टेबलाशी बसून लिहितोय. तोंड बंद. एकच टेक. तीन तास. याला तिकीट काढून कोण येईल रे –


मनगटाशी आले

अक्षर जातंय रेघ सोडून

हस हस म्हणतो स्वतःला. नीट हसायला ओठ लागतात

जावईबापू बघतायत. बघू देत. मी ओरडणार ना